बॉनेट उचलण्याआधी

पोरी, जीप घेतलीस, फार चांगलं केलंस. आता पाना हातात घेण्याआधी थोडं ऐकून घे. यातलं बरंचसं मला माझ्या उस्तादांकडून मिळालं, पाटबंधारे खात्याच्या वर्कशॉपात, काम चालू असताना. त्यांनी एकच गोष्ट कायम डोक्यात घातली: कुठलाही भाग उघडण्याआधी तो तसा का केला असेल, हे आधी स्वतःला विचारायचं. उत्तर मिळालं की दुरुस्ती सोपी होते. उत्तर न शोधता उघडलं, तर चांगला भाग बाहेर जातो आणि हलका भाग आत येतो. जुनी जीप उभी करताना सगळ्यात जास्त नुकसान गंजाने होत नाही, असल्या दुरुस्तीने होतं.

तुझी जीप हाय बॉनेट. आपल्याकडचे जुने फिटर लढाईतल्या बसक्या जीपला लो बॉनेट म्हणतात आणि हिला हाय बॉनेट. पुष्कळांना वाटतं, ही उंची ऐटीसाठी आहे. तसं नाही. युद्धातल्या जीपचं इंजिन म्हणजे गो-डेव्हिल: चार सिलिंडर, २१९९ सीसी, ६० हॉर्सपॉवर. त्यात इनटेक आणि एक्झॉस्ट दोन्ही व्हॉल्व्ह खाली ब्लॉकमध्ये होते, त्यामुळे वरचं हेड म्हणजे नुसतं जाड झाकण आणि इंजिन बुटकं. पुढे ताकद वाढवायची ठरली, तेव्हा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह खालीच ठेवले आणि इनटेक व्हॉल्व्ह मोठे करून वर हेडमध्ये नेले. हे हरिकेन इंजिन, ७५ हॉर्सपॉवरचं. इंजिनाला श्वास मोकळा मिळाला, पण उंची वाढली आणि ते जुन्या बॉनेटखाली मावेना. म्हणून १९५३ साली बॉनेट वर उचललं आणि सीजे-३बी निघाली. तुझ्या जीपचा चेहरा असा आहे तो आतल्या व्हॉल्व्हमुळे.

हे एकदा समजलं की पहिला मंत्र आपोआप कळतो. हिचे टॅपेट दोन ठिकाणी आहेत. इनटेकचे वर, हेडच्या झाकणाखाली. एक्झॉस्टचे खाली, ब्लॉकच्या बाजूच्या झाकणामागे. घाईत असलेला फिटर वरचं झाकण उघडतो, चार टॅपेट लावतो आणि काम झालं म्हणतो. खालचे चार तसेच राहतात. इंजिन थंड असताना इनटेकला १८ थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) आणि एक्झॉस्टला १६ थाऊ गॅप ठेव, फिलर गेज स्वतःच्या हाताने लाव. एक्झॉस्टचा गॅप कमी झाला तर आवाज येत नाही, म्हणून कोणाचं लक्षही जात नाही. आणि आतल्या आत व्हॉल्व्ह जळून जातो. टकटक करणारा टॅपेट सांगून तरी त्रास देतो, गप्प बसलेल्या टॅपेटला भी.

दुसरी गोष्ट हेडची. कधी हेड उतरवायची वेळ आली, तर बाहेर दिसणारे सगळे बोल्ट काढून झाल्यावरही ते हलणार नाही. त्याला पहार लावू देऊ नकोस. इनटेकचा मार्ग हेडच्याच ओतकामात आहे आणि कार्बोरेटर थेट हेडवर बसतो. हेडचा एक बोल्ट त्या कार्बोरेटरच्या खाली लपलेला असतो. कार्बोरेटर उचल, तो दिसेल. ठोकून, उचकटून चिरलेली हेडं मी कितीतरी बघितली आहेत, आणि चांगलं हेड आता सहज मिळत नाही.

आता ही जीप आली कुठून, तेही ऐक, कारण पुढचे मंत्र त्यातूनच निघतात. १९४० साली अमेरिकेच्या सैन्याला हलकी, चारही चाकं ओढणारी टेहळणीची गाडी हवी होती आणि मुदत दिली ४९ दिवसांची. ती मुदत पाळली बँटम नावाच्या लहान कंपनीने. पेनसिल्व्हेनियातल्या बटलर गावात तिचा कारखाना होता. कार्ल प्रॉब्स्ट या अभियंत्याने आराखडा काढला आणि २३ सप्टेंबर १९४० ला पहिली गाडी मेरीलँडमधल्या कॅम्प होलाबर्डला पोचली. सैन्याने तो आराखडा विलीज आणि फोर्ड या मोठ्या कंपन्यांनाही दाखवला, आणि शेवटी मोठं काम त्यांनाच मिळालं. ओहायोतल्या टोलेडोच्या विलीज कारखान्यात साडेतीन लाखांहून जास्त जीप बनल्या, फोर्डने पावणेतीन लाखांच्या पुढे बनवल्या. बँटमचं नाव मागे पडलं. मला विचारशील तर या यंत्राचा पहिला मान बँटमचाच आहे, आणि जीपवर प्रेम करणाऱ्या प्रत्येकाला ते नाव माहीत असायला हवं.

विलीज जिंकली ती इंजिनावर. तिचा मुख्य अभियंता डेल्मर रूस, ज्याला सगळे बार्नी म्हणत, त्याने एका साध्या जुन्या इंजिनाचं गो-डेव्हिल केलं होतं. प्रतिस्पर्धी ४५च्या आसपास हॉर्सपॉवरवर होते, हा ६० वर. पण सैन्याने वजनाची मर्यादा घातली होती २,१६० पौंड, म्हणजे साधारण ९८० किलो, आणि विलीजची गाडी त्याहून जड भरली. रूसने इंजिन बदललं नाही. त्याने गाडीचा एकेक भाग सुटा करून तोलला. जाड पत्रा पातळ केला, बोल्टची नटाबाहेर राहणारी टोकं आखूड केली, रंगाचे हातसुद्धा कमी केले. अशी रत्तीरत्तीने गाडी मर्यादेत बसवली.

म्हणून माझं ठाम सांगणं आहे, तिच्यावर वजन चढवू नकोस. दुकानात गेलीस की जाड पाइपाचे बंपर, विंच, रुंद टायर, दिव्यांची माळ, सगळं दाखवतील. यातलं काही लागत नाही. मूळ टायर ६.००-१६ चे, अरुंद. चिखलात तोच टायर खाली घट्ट जमिनीपर्यंत जातो आणि पकड धरतो. रुंद टायर लावलास की स्टिअरिंग जड होतं, किंगपिनची बेअरिंगं लवकर जातात आणि हबवर ताण येतो. हिच्या पुढच्या अॅक्सलचे जॉइंट बंद गोळ्यात फिरतात. त्या गोळ्याचं सील फाटलं की वंगण बाहेर आणि पाणी आत. चाकामागचा गोळा ओला, तेलकट दिसला तर तो उघडायची वेळ झाली समज.

स्टिअरिंगचं सांगतो. जीप चाळीस-पन्नासच्या वेगाला अचानक थरथरायला लागते, हात हलतात, गाडी थांबवेपर्यंत थांबत नाही. लोक लगेच व्हील बॅलन्सिंगला पळतात. तू आधी जीप जॅकवर घे, चाक वरून-खालून धरून हलव. खेळ असेल तर किंगपिनची बेअरिंगं आणि त्यांच्या शिम्स बघ. मग पुढच्या क्रॉसमेंबरवरची बेलक्रँक बघ. स्टिअरिंगची हालचाल तिथे वळून दोन्ही चाकांकडे जाते, आणि तिची पिन झिजली की सगळ्या दांड्या नव्या घातल्या तरी उपयोग होत नाही. बेलक्रँकला ग्रीस निप्पल असतो. तो वर्षानुवर्षं चिखलाने बुजलेला असतो, कोणी पुसतही नाही. त्यानंतर चेसिसवर जिथे स्टिअरिंग बॉक्स आवळलेला आहे तिथे वायर ब्रश मारून तडा शोध. पुढच्या कमानपाट्यांच्या हँगरजवळही शोध. कोणी मध्ये जड डिझेल इंजिन बसवलं असेल तर ही जागा हमखास चिरते.

डिझेलचा विषय आपल्याकडच्या जीपला टाळता येत नाही. युद्धाच्या काळात कैलासचंद्र महिंद्र अमेरिकेत भारताच्या खरेदी मिशनवर होते, तिथे त्यांनी जीप पाहिली. १९४५ मध्ये त्यांनी, भाऊ जगदीशचंद्र यांनी आणि मलिक गुलाम मोहम्मद यांनी महिंद्रा अँड मोहम्मद ही कंपनी काढली, तेव्हा धंदा पोलादाचा होता. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री आणि पुढे गव्हर्नर जनरल झाले. इकडे १९४८ साली कंपनीचं नाव महिंद्रा अँड महिंद्रा झालं. मुंबईत माझगावला टोलेडोहून सुटे भाग येत आणि जीप जोडली जाई. पन्नासच्या दशकात विलीजशी करार होऊन भाग इथेच बनायला लागले, कारखाना कांदिवलीला वाढला, मग नाशिक, आणि इंजिनांसाठी इगतपुरी. टोलेडोत सीजे-३बी १९६८ ला थांबली. जपानमध्ये मित्सुबिशीने तिचा वारसा १९९८ पर्यंत चालवला आणि आपल्याकडे तर हीच जीप नावं बदलत, इंजिनं बदलत एकविसाव्या शतकात आली. तुझ्या जीपचे पार्ट अजून मिळतात, ते यामुळे. शेती खातं, वनखातं, पाटबंधारे, साखर कारखाने, सगळ्यांनी हिला राबवली. कोयनेच्या खोऱ्यात जिथे रस्ता नव्हता तिथे आमची माणसं हिच्यातूनच गेली, म्हणून माझा जीव हिच्यात आहे.

पेट्रोल महागलं तशी माणसं डिझेलकडे वळली. कंपनीने आधी इंटरनॅशनल ट्रॅक्टरच्या जातीचं डिझेल इंजिन जीपमध्ये दिलं, नंतर प्यूजोचं आलं. कंपनीने जे बसवलं ते हिशेबाने बसवलं. पण गावोगावच्या गॅरेजांतही पेट्रोल इंजिनं उतरवून मिळेल ते डिझेल बसवलं गेलं. तुझ्या जीपमध्ये काय आहे आणि आरसी बुकात काय लिहिलं आहे, हे दोन्ही आज शेजारी ठेवून बघ. चेसिस नंबर, इंजिन नंबर, इंधन. जुळत नसेल तर रंगाचा डबा आणण्याआधी ते सरळ करून घे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतल्या मूळ तपशिलाला सोडून गाडीत बदल करता येत नाही. मंडी डबवालीकडे जुन्या जीपच्या धर्तीवर नव्या पत्र्याची जीप बांधून देतात, दिसते देखणी. पण तुला जीप उभी करायची आहे, बांधून घ्यायची नाही. २०२१ पासून व्हिंटेज नोंदणीचा नियमही आला आहे. पन्नास वर्षांहून जुनी आणि चेसिस, बॉडी, इंजिनात मोठा बदल न झालेली गाडी त्यात बसते. नवी नोंद असेल तर पाटीवर 'व्हीए' येतं, आधीचा नंबर असेल तर तो ठेवता येतो. मात्र अशी गाडी रोजच्या वापराला चालत नाही. म्हणून आधी ठरव, तुला तिच्यातून हिंडायचं आहे की तिला प्रदर्शनात न्यायचं आहे. माझं मत विचारशील तर हिंड. साध्या नोंदणीवर, वेळच्या वेळी पासिंग करून.

आणि रंग. मिलिटरीचा ऑलिव्ह ग्रीन लावायचा मोह सगळ्यांना होतो. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या १२१व्या नियमाने तो रंग फक्त संरक्षण खात्याच्या गाड्यांचा आहे. रंगारी कितीही म्हणाला की चालतं, तू लावू नकोस. पत्र्याचं काम करून घेताना लोहचुंबक खिशात ठेव. चुंबक धरत नाही तिथे खाली लांबी भरलेली आहे, पत्रा नाही. जुना कुजलेला भाग कापून नवा पत्रा जोडायला सांग, लांबीचा थर फक्त शेवटचा हात म्हणून. बॉडीच्या तळाला आडव्या पट्ट्या असतात, पाणी आणि चिखल त्यांच्यात साचतो, तिथे आधी बघ. चालकाच्या सीटखाली पेट्रोलची टाकी आहे. ती उतरवल्याशिवाय तळाला वेल्डिंग करू देऊ नकोस, आणि टाकीला तर आग लावूच देऊ नकोस, रिकामी असली तरी. रिकाम्या टाकीतली वाफच जास्त घात करते.

तुझी जीप डाव्या स्टिअरिंगची आहे. मागच्या पत्र्यावर 'लेफ्ट हँड ड्राइव्ह' रंगवलेलं असेल तर ते पुसू नको, मागच्याला कळायला हवं. कायद्यानेही डाव्या स्टिअरिंगला चालू स्थितीतलं इशारादर्शक यंत्र लागतं. एसटीच्या मागे असताना तुला पुढचं काहीच दिसणार नाही, शेजारी भरवशाचं माणूस नसेल तर ओव्हरटेक करायचं नाही.

चालवण्याचं आता नीट ऐक. इंजिनाचा बोअर ७९.४ मिलिमीटर आणि स्ट्रोक १११ मिलिमीटर. लांब स्ट्रोकचं इंजिन खाली, हळू फिरताना जोर देतं. पळवण्यासाठी ते केलेलं नाही. अॅक्सलचा रेशो ५.३८. साठच्या वेगालाच इंजिन मिनिटाला २४०० च्या आसपास फिरतं. पन्नास ते साठ ही तिची चाल. त्यापुढे ती जाईल, पण तू नेऊ नकोस. याउलट लो गिअरमध्ये पहिल्यात टाकलीस की एकूण रेशो ३७ च्या घरात जातो आणि ती माणसाच्या चालीपेक्षा हळू, न घसरता डोंगर चढते. खडकावर पाय अॅक्सिलरेटरवरून काढून बघ, ती स्वतःच चढेल. पहिल्या गिअरला सिंक्रोनायझर नाही, म्हणून चालत्या गाडीत पहिला टाकायचा तर डबल क्लच करायला शिक. नाहीतर थांबून टाक. दात खरवडले की त्यांचा बारीक चुरा तेलात फिरतो आणि बेअरिंगं खातो. गिअरबॉक्समध्ये नव्वद नंबर ऑइल घालताना डब्यावर जीएल-४ लिहिलं आहे का बघ. जीएल-५ मधली द्रव्यं पितळी रिंगांना मानवत नाहीत. गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस, दोन्हींची पातळी वेगवेगळी तपास.

फोर व्हील फक्त चिखलात, वाळूत, सुट्या मुरमावर. पुढच्या आणि मागच्या अॅक्सलच्या मध्ये डिफरन्शियल नाही. वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त फिरतात, डांबरावर त्यांना घसरता येत नाही, आणि तो सगळा पीळ शाफ्ट आणि गिअरांत साठतो. मग लिव्हर अडकतो, माणसं लाथ मारतात. जीप थोडी मागे घे, पीळ उतरेल, लिव्हर बोटाने निघेल.

हँडब्रेकचं मात्र जिवाशी येतं, म्हणून हे पाठ कर. तिचा हँडब्रेक चाकांवर नाही, ट्रान्सफर केसच्या मागे प्रोपेलर शाफ्टवर आहे. मागचं एक चाक जॅकने उचललंस की डिफरन्शियलमुळे ते उचललेलं चाक मोकळं फिरू शकतं, आणि हँडब्रेक ओढलेला असूनही जीप सरकते. उतारावर जॅक लावायचा नाही. सपाटीवरसुद्धा समोरच्या चाकांना दोन्हीकडून दगड लावल्याशिवाय जीपखाली हात घालायचा नाही. पायाचा ब्रेकही एकाच सर्किटचा आहे. कुठल्याही एका चाकाचा सिलिंडर किंवा रबरी नळी गेली तर चारही चाकांचा ब्रेक एकदम जातो. त्यामुळे इंजिनापेक्षा आधी ब्रेकवर खर्च कर: मास्टर सिलिंडर, चारही व्हील सिलिंडर, सगळ्या नळ्या नव्या. मागच्या मालकाने परवाच काम केलं असं सांगितलं तरी.

चाक बदलताना डाव्या बाजूचे नट उलट्या आट्यांचे असू शकतात. विलीजच्या मूळ रचनेत डाव्या चाकांचे नट घड्याळाच्या दिशेने फिरवून सुटतात; स्टडच्या टोकावर 'एल' खूण असते. मध्ये कोणी स्टड बदललेले असतील तर मिश्रण सापडेल. आधी खूण बघायची, मग पान्यावर पाय ठेवायचा. न बघता जोर लावणाऱ्यांनी तोडलेले स्टड काढायला मी दिवस घालवले आहेत.

पेट्रोलमध्ये आता इथेनॉल वीस टक्क्यांपर्यंत असतं, जुनं रबर त्यात फुगतं. पंपाचा डायफ्रॅम आणि सगळ्या नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या घे, जुनं रबर टाकून दे. उन्हाळ्यात कुंभार्ली घाट चढताना जीप मध्येच गुदमरली तर बहुधा पेट्रोलची वाफ झालेली असते. पंपावर ओलं फडकं ठेव, दहा मिनिटं थांब. एअर क्लीनर तेलाचा आहे, त्यातलं तेल खुणेपर्यंतच. उसाच्या हंगामात कच्च्या रस्त्याने फिरलीस तर ते दर आठवड्याला बघ, तळाला गाळ बसतो. पॉइंटचा गॅप २० थाऊ, प्लगचा ३०. फायरिंग ऑर्डर १-३-४-२, ती डिस्ट्रिब्युटरच्या कॅपजवळ रंगाने लिहून ठेव.

सगळं जोडून झालं की पहिल्या पाचशे किलोमीटरला मोठा प्रवास ठरवू नकोस. घर ते कराड, कराड ते पाटण, एवढंच. परत आल्यावर चारही हबला हात लाव. एक इतरांपेक्षा गरम असेल तर तिथलं बेअरिंग किंवा ब्रेक घट्ट आहे. कमानपाट्यांचे यू-बोल्ट पुन्हा आवळ, नवे पाटे बसले की ते सैल पडतातच. हेडचे बोल्ट टॉर्क रेंचने, मॅन्युअलमधल्या क्रमाने, मधून बाहेर. आणि जे जे केलंस ते तारखेसह वहीत लिहून ती वही डॅशबोर्डखाली ठेव. मीटरचा आकडाही त्यात टाक. पाटणला पोचलीस की फोन कर, कुठून आवाज येतोय ते मला ऐकवायला.